एका दाराचं लिंबू

काळवाकीत नवखा पाहुणा आला की आधी आमच्या दारांकडे बघून हसतो. आम्ही हसू देतो. दृष्ट लागू नये म्हणून सगळा मुलूख दाराला लिंबू-मिरची टांगतो. काळवाकीत मिरच्या तेवढ्या खऱ्या, आणि लिंबाच्या जागी हळद फासलेला मातीचा गोळा. कुणी विचारतं, गाव इतकं चिक्कू आहे का हो, की एक लिंबू परवडत नाही? मागे एका शहाण्याने गोळा खरा की खोटा हे दात लावून पाहिलं होतं. त्याला आम्ही पाणी दिलं, चूळ भरायला जागा दाखवली आणि वर चहाही पाजला.

पण रंगारगल्लीच्या पार टोकाला जाल, तर तिथे एका दाराला खरं लिंबू दिसेल, रसरशीत, पिवळंधमक. सगळ्या गावात तेवढं एकच. आणि त्याच गल्लीत विकायला टांगलेली काळी लुगडी पाहाल तर त्यांच्यावर ओळीने चंद्र असतात. काळ्या लुगड्याला सगळीकडेच चंद्रकळा म्हणतात, पण खरोखरचा चंद्र असलेली फक्त आमची. पांढरा रंग लावून काढलेले नाहीत ते. काळा रंग उतरवून काढलेले आहेत. बोट फिरवा, कापडावर काही चढलेलं लागणार नाही. शेवटची ओळ मात्र नीट बघा. तिथे एका चंद्राची जागा कोरी काळी राहिलेली असते. पाहुणे ती बरोबर हेरतात आणि घासाघीस सुरू करतात, की माल डागी आहे, भाव उतरवा. रंगारीण हसते आणि भाव उतरवत नाही.

दारावरचे गोळे, टोकाचं लिंबू आणि ती कोरी जागा, या तिन्हींच्या मुळाशी एक बाई आहे. तिचं नाव ठकू. तिला एका जागी बसता येत नसे.

असं सांगतात की तेव्हा गल्लीत रंगाऱ्यांची सात घरं होती आणि सातही घरं एकच रंग जाणत होती, काळा. हिरड्याच्या पाण्यात कापड भिजवायचं, ते मळकट पिवळं व्हायचं. मग जुने नाल, गंजके खिळे, गूळ आणि पाणी असं तीन आठवडे आंबवून ठेवलेल्या हंडीत ते बुडवायचं. वर काढलं की डोळ्यांदेखत काळं पडायचं. त्या हंडीचा वास असा, की या गल्लीत मुलगी द्यायची तर सोयरे आधी नाक धरायचे आणि मग बोलणी करायचे.

गावाखाली वाकी नदीचा डोह आहे, त्याच्या काठी डोहाई आहे. तिच्या जत्रेला सात घरांपैकी एका घराने पाळीपाळीने काळं लुगडं द्यायचं. ते अमावस्येला हंडीतून निघालं की हंडीचं तोंड ओल्या मातीने लिंपायचं आणि जत्रा होईपर्यंत उघडायचं नाही. त्या लुगड्याला डोहाखेरीज दुसरं पाणी लागता कामा नये. आणि त्यावर डाग दिसला, तर त्या घराची हंडी डोहाच्या खडकावर फोडायची आणि घराने गाव सोडायचं. तसं एकदा झालंही होतं म्हणे. त्या घराचं जोतं गल्लीत तसंच पडून होतं आणि त्यावर शेळ्या बसत.

आणखी एक नियम होता, आणि तोच ठकूच्या मुळावर आला. ज्या बाईच्या हातून लुगडं वाळत पडेल, तिने ते सुकेस्तोवर त्याच्यापाशी राखणीला बसायचं. काम करायचं नाही, उठायचं नाही, नुसतं बसायचं.

आता ही ठकू कशी, तर भाकरी थापताना एक पाय उंबऱ्याबाहेर. देवळात प्रदक्षिणा घालायची ती पळत. सासू, म्हाळूबाई, म्हणायची की हिला बसवायचं तर खुंट्याला बांधावं लागेल, आणि मग ही खुंटा घेऊन फिरेल. अशा बाईला अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या उन्हात, परसातल्या दोरीसमोर पाटावर बसवलं. नवरा शेजारच्या गावांना जत्रेचं आवतण द्यायला गेला होता. सासूने बजावून सांगितलं, की बाई गं, एक सकाळ. उद्या जत्रा आहे. आपल्याला काही जड नाही, नुसतं बसायचं आहे.

ठकू बसली. वारा सुटला होता, लुगडं फडफडत होतं आणि तिच्या बोटांना मुंग्या येत होत्या. तिने पाटाच्या चिरा मोजल्या. पायाने मातीत रेघा ओढल्या. दोरीवरच्या घड्या सारख्या केल्या, मग पुन्हा सारख्या केल्या. शेवटी राहवेना, तेव्हा लोणच्यासाठी आणलेली दोन लिंबं आणि विळी जवळ ओढली. बसूनच चिरायची आहेत, उठायचं कुठे आहे, अशी तिने नियमाची समजूत घातली.

तेवढ्यात कावळा आला आणि नेमका दोरीवर, देवीच्या लुगड्याच्या वर, शेपूट उचलून बसला. कावळा काय करणार हे ठकूला कळलं होतं. हातात जे होतं ते तिने फेकून मारलं.

हातात अर्धं लिंबू होतं.

कावळा उडाला, लिंबू घडीत शिरलं आणि लुगड्यावरून घरंगळत खाली आलं. ठकू धावली. पदराने पुसायला गेली, तसा काळा रंग पदरावर आला आणि खाली सायीच्या रंगाची गोल जागा उघडी पडली. तिने घडी उलगडली. रस घडीच्या चार थरांतून झिरपला होता. वीत-वीत अंतरावर चार पांढुरके गोल, एका ओळीत, जणू कुणी मोजून ठेवले असावेत.

दुसरं कापड असतं तर पुन्हा हंडीत बुडवलं असतं. पण हंडी लिंपलेली. ती उघडून पुन्हा लिंपली, तर मातीवरचे बोटांचे नवे ठसे गोमाजीला ओळखू आले असते. गोमाजी म्हणजे गल्लीतला वडीलधारा रंगारी, नात्याने तिचा चुलत सासरा. त्याची नजर अशी, की काळ्यातला कमी काळा तो चालता चालता सांगे.

ठकू परसात येरझाऱ्या घालू लागली. चुलीपाशी गेली, परत आली, विहिरीपर्यंत गेली, परत आली. त्या मोडक्या जोत्यावरच्या शेळ्या तिला दिसायला लागल्या. आपली हंडी, सासऱ्यांनी मरताना जिच्यावर हात ठेवला होता ती, खडकावर फुटताना दिसली. प्रत्येक फेरीला ती त्या चार गोलांपाशी थांबे. असं म्हणतात की सातव्या का आठव्या फेरीला तिच्या मनात आलं: चार असले तर डाग. लुगडंभर असले तर?

झालं. बाईला काम सापडलं.

पण लुगडंभर चंद्र काढायला रस लागणार, आणि घरात उरलं होतं दीड लिंबू. गावात लिंबाचं झाड एकच, गोमाजीच्या परसात, आणि झाडाखाली गोमाजीची खाट. शिवाय अमावस्येला ते झाड गावाने ओरबाडून नेलं होतं. म्हणजे लिंबं होती कुठे? दारोदार टांगलेली. कालचीच, ताजी.

दुपारी सगळं गाव डोहावर मांडव घालायला गेलं. ठकू टोपलीत हंडी लिंपून उरलेली माती आणि हळदीची वाटी घेऊन निघाली. दारापाशी थांबायची, आत डोकवायची, लिंबू सोडवून घ्यायची, मातीचा गोळा वळून त्याला हळद फासायची आणि मिरच्यांच्या मधोमध ओवून द्यायची. पाटलाच्या दारावर गोळा जरा मोठा झाला. बरं झालं, पाटलाला शोभला. देवळाच्या पुजाऱ्याच्या दारावरचंही सोडलं नाही. गावभर पाय नाचवत, इकडेतिकडे बघत, घामाने भिजत ती फिरली आणि टोपली भरत आली. एकवीस झाली. बाविसावं, शेवटचं, गल्लीच्या टोकाला.

ते चिमाकाकूचं घर. चिमाकाकू म्हणजे एकटी म्हातारी; लेक बाळंतपणात गेली, तिची मुलगी मागे राहिली, आता दोन वर्षांची. ती नात तीन दिवस तापाने फणफणत होती. ठकूने दोऱ्याला हात घातला. लिंबू बोटांत आलं. आतून आवाज आला.

"कोण गं? ठकू का? ये, बस."

ठकूने हात मागे घेतला आणि आत गेली. चिमाकाकूने ती कशाला आली हे विचारलंच नाही. कपाळावरची पट्टी दाखवली आणि म्हणाली, "जरा तू धर. सकाळपासून माझी पाठ टेकली नाही."

आणि ठकू बसली. सकाळी देवीच्या लुगड्यापाशी जे जमलं नाही, ते तिथे जमलं. पट्टी ओली करायची, ठेवायची, गरम झाली की उचलायची. बाहेर ऊन उतरत होतं, डोहावरून माणसं परतायची वेळ होत होती, घरी लुगडं वाट बघत होतं, आणि ठकू बसली होती. म्हातारीला डुलकी लागली. ती जागी झाल्यावरच ठकू उठली. जाताना दारातल्या लिंबाकडे एकदा बघितलं आणि ते तसंच राहू दिलं.

घरी येऊन तिने रस पिळला, मातीच्या गाडग्यात आटवला आणि त्यात बाभळीचा डिंक घातला, म्हणजे तो पसरणार नाही. लोखंडाच्या कढईला तिने हात लावला नाही. लोखंड लिंबाला काय करतं आणि लिंबू लोखंडाला काय करतं हे सकाळीच दिसलं होतं. ठसा नव्हता. रंगाऱ्यांकडे कशाला असणार ठसे? तिने सासूचं लाटणं घेतलं, टोकाला चिंधी गुंडाळली आणि पहिला ठिपका दिला.

तिसऱ्या ओळीला मागे सावली पडली. म्हाळूबाई उभी होती. तिने लुगडं बघितलं, गाडगं बघितलं, सुनेची हळदीने पिवळी झालेली बोटं बघितली. ठकूने सगळं भडाभडा सांगून टाकलं, कावळ्यापासून पाटलाच्या गोळ्यापर्यंत. म्हातारी लुगड्याचं दुसरं टोक ताणून धरून खाली बसली.

"लाटणं माझ्या माहेरचं आहे," ती म्हणाली. "टोक झिजवू नको."

दोघींनी मिळून लुगडं भरलं. शेवटच्या ओळीत शेवटच्या जागेला गाडगं कोरडं पडलं. म्हाळूबाईने चिंधी पिळली, गाडग्यात पाण्याचा थेंब घालू म्हणाली. ठकू नको म्हणाली. देवीच्या लुगड्याला दुसरं पाणी नको. आता नियम पाळायला सुचतंय हिला, असं सासू पुटपुटली.

सकाळी जत्रेत लुगडं पाटीतून डोहावर आलं. गोमाजीने सगळ्यांसमोर घडी मोडली आणि तो मागे सरला. काळ्या कापडावर वाळक्या डिंकाच्या तपकिरी खपल्या, जिकडेतिकडे. खरूज झालेल्या म्हशीसारखं दिसत होतं म्हणे. कुणी बोलायच्या आत पाटलीणबाई धापा टाकत आल्या. शेळीने त्यांच्या दाराच्या मिरच्या ओढल्या होत्या, लिंबू पडून फुटलं होतं आणि आत माती निघाली होती. दोन-चार जण आपापल्या दारांकडे धावले आणि आणखी ओरडत परत आले. रात्रभर सगळं गाव उघडं, दृष्टीला मोकळं. मग सगळ्यांच्या नजरा फिरत फिरत ठकूच्या बोटांवर आल्या. हळद काही धुऊन जात नाही.

गोमाजीने दोघांना हंडी आणायला धाडलं. हंडी आली, खडकाशी आली, वर उचलली गेली. म्हाळूबाई ज्या बाजूला हंडी होती तिकडे बघेना.

तेव्हा ठकूने पाटीतलं लुगडं ओढलं आणि डोहात उडी घेतली.

ती कंबरभर पाण्यात उभी राहिली आणि लुगडं घोळू लागली. आधी नुसतं गढूळ पाणी आलं. मग डिंक फुगला, सुटला, खपल्या वाहून गेल्या. एक सायीचा गोल वर आला. मग दुसरा. मग ओळच्या ओळ. ठकू हातांनी लुगडं पुढे पुढे सोडत होती आणि काळ्या डोहावर काळं कापड पसरत चाललं होतं, त्यामुळे कापड दिसतच नव्हतं. दिसत होते फक्त चंद्र. काठावरची पोरं मोजायला लागली आणि चुकली. ज्याने हंडी उचलली होती, त्याचे हात तसेच वर राहिले.

गोमाजी पाण्यात उतरला. त्याने काही बघायच्या आधी एक चंद्र दोन मुठींत धरला आणि ताणला. लिंबाने कापड जळलं असतं तर तिथेच फाटलं असतं. ते फाटलं नाही.

"जाळलं नाहीस," तो म्हणाला. रंगाऱ्यांत याहून मोठी शाबासकी नाही.

मग त्याने ओळीमागून ओळ डोळ्यांखालून घातली आणि शेवटच्या ओळीशी थांबला. "ही जागा का कोरी?"

"एक लिंबू कमी पडलं, मामंजी."

"बावीस दारं आहेत गावात. एकवीस चोरलीस आणि बाविसाव्याला लाज वाटली?"

ठकूने मान खाली घातली. मग म्हणाली, "त्या दाराआड पोर तापलंय."

सगळ्यांना दार कळलं. तीन दिवस मांडव, वाजंत्री आणि नैवेद्य यांच्या गडबडीत त्या दारात कुणी गेलं नव्हतं, हेही कळलं. पाटलीणबाईंना तेवढ्यातही राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्या माणसांना दृष्ट लागली तर चाललं असतं का गं?"

"तुमच्या घरी अंथरुणावर कुणी नव्हतं, वैनी," ठकू म्हणाली. "मी आधी डोकावले होते."

कुणीतरी फिसकन हसलं. आधी पाटील हसला असंही सांगतात. गोमाजी हसला नाही. त्याने लुगड्याची ती कोरी जागा तळव्यावर घेतली, अंगठ्याने चाचपली आणि डोहाईकडे पाहिलं. तो म्हणाला, की लुगड्यावर डाग असला तर हंडी फोडायची असा नियम आहे. चंद्रांचं नियमात काही नाही. आणि या लुगड्यावर जर डाग असेलच, तर तो ठकूचा नाही, आपल्या एकवीस दारांचा आहे.

"हंडी खाली ठेवा रे," तो म्हणाला. "आणि जपून. जुनी आहे."

ते लुगडं त्या दिवशी डोहाईला नेसवलं. मग गोमाजीने शिक्षा सांगितली: पुढल्या वर्षी पाळी कुणाचीही असो, राखणीला हीच बसणार. फक्त हिच्या हाताशी लिंबू ठेवायचं नाही.

जत्रेहून अर्धं गाव चिमाकाकूच्या दारात गेलं. पोरीचा ताप उतरला होता, ती उठून पेज मागत होती. देवीने उतरवला असं बायका म्हणतात. ताप चौथ्या दिवशी उतरतोच असं म्हाताऱ्या वैद्याचं म्हणणं. दोघांचंही ऐकून घ्यावं, आपलं काय जातं. गोष्ट एवढीच, की मातीच्या गोळ्यांच्या राखणीत त्या रात्री एकवीस घरांपैकी एकालाही काही झालं नाही. मग गावाने ठरवलं की गोळा पुरेसा आहे. लिंबं रंगाऱ्यांना द्या.

तेव्हापासून आमच्याकडे काळ्यातून पांढरं काढतात. आता रस कोण पिळतं? डब्यातून पूड येते, तिचा लगदा होतो, तो जाळीच्या चौकटीतून कापडावर ओढतात, वाफ देतात. लुगडीच नव्हेत, शहरातल्या पोरांचे काळे सदरेसुद्धा इथे येतात आणि छातीवर चंद्र घेऊन जातात. पण आजही काळवाकीच्या प्रत्येक जाळीत एक भोक मेणाने बुजवलेलं असतं. नवा कामगार आला की तो ते भोक साफ करायला जातो, आणि त्याला टोकाच्या घरी पाठवतात.

कारण आजही जत्रेच्या आदल्या दुपारी, गल्लीतली एक सून हातात टोपली घेऊन बावीस दारं फिरते. एकवीस दारांना ती चालता चालता नवा गोळा ओवते. बाविसाव्याला दोऱ्याला हात लावते, लिंबू सोडत नाही आणि आत जाते. आत आजारी कुणी असो वा नसो, ती बसते. तुम्हीही गल्लीच्या टोकापर्यंत जाणार असाल, तर बसची घाई मनात ठेवू नका. त्या दारावरून उभ्याउभ्या कुणी परतत नाही. आतून आवाज येईल, ये, बस. बसा. लिंबाला मात्र हात लावू नका. या गावात आमची एकवीस दारं त्याच्यावर डोळा ठेवून आहेत.